एकत्र कुटुंबाचा ईमेल

आमच्या सासरी शेताची वाटणी झाली, भांड्यांची झाली, देवघरातले टाकसुद्धा तीन घरांत गेले. पण ईमेल एकच राहिला. तो थोरल्या दिरांच्या नावाचा होता. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. घरात पहिला चांगला फोन त्यांनीच घेतला, तेव्हा लातूरजवळच्या आमच्या मुरुडच्या बाजारातल्या मोबाइलवाल्यानं तो ईमेल उघडून दिला. पुढं फोन वाढत गेले. नवा फोन घेतला की दुकानदार विचारायचा, "ईमेल हाय का?" आणि आमच्या घरचं माणूस ऐटीत सांगायचं, "हाय की, दादांचा हाय." मग तोच घातला जायचा. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख एक असतो, तसा ईमेललाही एकच असणार, अशी सगळ्यांची समजूत. दादांना त्याचा अभिमानही होता. चुली वेगळ्या झाल्या तरी कुठंतरी आपण एकत्र आहोत, असं त्यांना वाटायचं.

मी नांदेडला राहते. यजमान मधले भाऊ. मी एका कॉलेजच्या कार्यालयात आहे आणि माझा ईमेल नोकरीमुळं आधीपासून वेगळा होता. त्यामुळं दादांनी दुकानदाराकडून मला त्या खात्यातले फोटो बघण्यापुरतं जोडून घेतलं होतं. घरातल्या कुणाच्याही फोननं फोटो काढला की तो मला नांदेडला दिसायचा. नवं वासरू, सोयाबीनची रास, मळणी यंत्राजवळ उभे असलेले दादा, कुणाच्या तरी अंगठ्याचा चुकून निघालेला फोटो. बघता यायचं, पुसता यायचं नाही. रोज सगळे बघणं व्हायचं नाही, पण मला ते बरं वाटायचं. मुरुडला कोण आजारी आहे, कुणाचं छप्पर बदललं, हे विचारायला फोन करावा लागत नसे.

एका दिवाळीत मुरुडच्या घरी मोठा टीव्ही आला. दुकानदारानं त्यालाही तोच ईमेल जोडून दिला. कुणी काही बघत नसलं की टीव्ही आपणहून घरचे फोटो दाखवायचा, एकामागून एक. मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे आमच्या बाईंना, याचं फार कौतुक. गल्लीतल्या बायका निवडायचं धान्य घेऊन ओसरीत येऊन बसायच्या आणि बाई सांगायच्या, "बगा, टीव्हीत आमचंच घर."

दुकानदाराला मी एकदा विचारलं होतं, हे फोटो राहतात कुठं. तो म्हणाला, "वर." बोट छताकडं. दादांनी मान डोलावली. वर म्हणजे काय, तर कुठल्या तरी कंपनीच्या मोठ्या यंत्रात, दूर, कडीकुलपात. तेवढं मला कामामुळं माहीत होतं. आमच्या फोटोंना तिथं काही धोका नव्हता.

आता धाकट्या जावेबद्दल. ती लातूरला मेस चालवते. दीर एका दुकानात कामाला आहेत, पण घर चालतं ते मेसवर. शिकवणीसाठी आलेली मुलं तिच्याकडं जेवतात, आणि त्यातली बरीच मुरुडच्या बाजूची. आईबाप पोराला लातूरला सोडताना म्हणतात, दादांच्या धाकट्या भावाकडं जेव, घरचं जेवण आहे. म्हणजे तिची सगळी जाहिरात मुरुडात. जेवणही तसंच आहे. येसरची आमटी तिच्यासारखी मला अजून जमत नाही. स्वभावानं बोलकी, माझ्याशी तर फारच. पण दादांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ती त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलली नव्हती. दादा ओसरीत असले की ती मागच्या दारानं ये-जा करायची. जुनी रीत आहे, तिनं पाळली. मी नोकरीवाली, मला त्यातून सूट मिळाली होती.

त्या सकाळी मी डबा भरत होते. फोन वाजला. 'तुमच्यासाठी नवी आठवण.' फोन हे स्वतःच करतो, सारखे दिसणारे फोटो गोळा करून त्यांना संगीत लावतो. मी वासराची असेल म्हणून उघडली. सतारीसारखं काहीतरी वाजायला लागलं आणि एका बाईची पाठ दिसली. पोलकं वर घेतलेलं, कमरेच्या वर एक पांढरा डाग. पुढच्या फोटोत तोच डाग, जरा मोठा. त्याच्या पुढच्यात त्याच्याशेजारी दुसरा. चेहरा नव्हता. पण कमरेला खोचलेली हिरवी साडी मी संक्रांतीला दिलेली होती, आणि मागं मेसची मोठी पातेली पालथी घातलेली दिसत होती.

मी फोन पालथा ठेवला. मग उचलून तिला लावला.

"अक्का, भाकरी तव्यावर हाय, बोला पटकन."

"तवा उतरव. जवळ कोण आहे?"

"कुणी न्हाई. काय झालं ओ?"

"तू पाठीचे फोटो काढून दवाखान्यात पाठवतेस का?"

पलीकडं नुसता गॅसचा आवाज. मग तो बंद झाला.

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं तुमाला?"

"नाही. फोननं दाखवलं."

"मी तर पाठवला की लगेच पुसून राहिले. दरवेळी. त्या मनल्या, सारखं यायची गरज न्हाई, महिन्याला फोटो टाका, डाग वाढतोय का ते बघते. मनून टाकत होते."

"तू दवाखान्याला पाठवलेला संदेश पुसलास. फोननं त्याच्या आधीच एक प्रत वर पाठवलेली असते. दादांच्या ईमेलात."

यावर ती जे बोलली ते माझ्याही आधी तिच्या लक्षात आलं होतं.

"मंजे टीव्हीवर?"

"टीव्हीवरही येत असतील."

"अक्का, कोड हाय मला. पोरं जेवायची न्हाईत माझ्या हातचं. बाईंनी बघितलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळंल, आन् उद्या आईबाप लातूरला. कोण ठिवतंय पोराला?"

कोड शिवल्यानं होत नाही, जेवणातून जात नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. मलाही माहीत होतं. पण मेस आम्हा दोघींच्या माहितीवर चालत नव्हती.

रडायला वेळ नव्हता आणि ती रडलीही नाही. मी फोनवर सांगत गेले, ती करत गेली. फोटोंमध्ये जा. पाठीचे सगळे निवड. पुसून टाक. आता कचऱ्याच्या पेटीत जा, कारण पुसलेले फोटो तिथं जाऊन पडतात आणि बरेच दिवस राहतात. ती पेटी रिकामी कर. आता फोटो आपोआप वर पाठवण्याची सोय बंद कर. माझ्या फोनवरून ती आठवण नाहीशी झाली तेव्हा मी तिला सांगितलं, "गेले." ती म्हणाली, "भाकरी करपली," आणि फोन ठेवला.

दिवसभर कार्यालयात मी एकच विचार करत होते. यात चोर कुणीच नव्हता. कंपनीनं काही फोडलं नव्हतं, कुणी पासवर्ड पळवला नव्हता, डॉक्टरीणबाई चांगल्या वागल्या होत्या. कुलूप पक्कं होतं. आम्हीच सगळ्या घराला एक किल्ली वाटली होती आणि त्याला एकोपा म्हणत होतो. फोटो पुसले होते. पण खातं तसंच होतं. उद्या तिनं औषधाचं नाव शोधलं, दवाखान्याचा पत्ता शोधला, तर तेही त्याच खात्यात साठणार होतं. आणि एक गोष्ट कुठल्याच पेटीतून रिकामी करता येत नव्हती: जे कुणी आधीच पाहिलं असेल ते.

रविवारी मी सकाळची बस धरली. जुन्या पाकिटाच्या मागं कामं लिहून घेतली: टीव्हीतून खातं काढणं, तिन्ही घरांचे ईमेल वेगळे करणं, पासवर्ड बदलणं. धाकटीची अट एकच होती: हे कशासाठी, ते दादांना सांगायचं नाही. म्हणजे कारणाशिवाय त्यांच्या गळी उतरवायचं. लातूरला उतरून आधी मेसवर गेले. तिनं मुरुडसाठी धपाटे बांधून दिले आणि दारापर्यंत आली.

"दादांनी बघितलं असंल तर मला सांगा."

"बरं."

"न्हाई, नका सांगू. मी तोंड कसं दाखवू?"

"बरं, नाही सांगत."

"न्हाई अक्का, सांगा." मग स्वतःच कपाळाला हात लावला. "जावा आता, तुमची गाडी जाईल."

मुरुडला पोचले तर ओसरीत टीव्हीवर चादर टाकलेली. बाई माझ्या हातातली पिशवी घ्यायच्या आधी त्याच्यावर सुरू झाल्या.

"बंद पडलाय. कवाचं सांगून राहिले, कारागीर बोलवा मनून. यांना सवडच न्हाई. एवढ्या पैशाचा डब्बा, आन् त्याच्यावर चादर! गल्लीतल्या बाया इचारून इचारून दमल्या. माझी मालिका कुठवर गेली, कुणाला ठावं."

"बातम्या तरी ऐक की मोबाइलवर," दादा आतून येत म्हणाले. "तुम्ही बसा. च्या टाक गं."

चहा होईपर्यंत मी विषय काढला. म्हटलं, हल्ली फसवणुकीचे प्रकार वाढलेत, कॉलेजात आम्हाला सूचना आली आहे, प्रत्येकाचा ईमेल वेगळा असावा. सूचना खरीच होती.

दादा हसले. "आपल्या घरात लपवायचं काय हाय? आमचं सगळं उघडं. भावाभावात पडदा न्हाई."

"पडदा नाही, दादा. सोय म्हणून."

"सोयच हाय की. एक ईमेल, एक घर. वावर वाटलं, आता हे पण वाटायचं? उद्या लोक मनतील, फोटोची पण वाटणी केली."

"विहीर सामाईक ठेवली तुम्ही," मी म्हटलं. "पाण्याच्या पाळ्या लावल्या. पण अंघोळीची मोरी प्रत्येकानं आपापली बांधलीच ना?"

त्यांनी चष्मा सारखा केला आणि अंगणाकडं बघत राहिले. आता ते नाही म्हणणार आणि मला कारण सांगावं लागणार, असं वाटलं. म्हणून मी उठून टीव्हीकडं गेले. मला बंद पडलेली वस्तू तशीच ठेवलेली बघवत नाही. चादर बाजूला केली. वायर धड होती. पण भिंतीतल्या सॉकेटमध्ये प्लगच नव्हता. वायर गुंडाळून, सुतळीनं नीट बांधून मागं ठेवलेली. शेताच्या मोटारीची वायर दादा जशी बांधतात, तशी गाठ.

बाई चहा घेऊन यायच्या होत्या. मी मागं वळले. दादा माझ्याकडं बघत नव्हते.

"टीव्हीला काय झालं न्हाई," ते हळू म्हणाले. "मीच काढून ठिवला."

"कधी?"

"आमुशाच्या आधी. दुपारी एकटाच होतो बसलेला. ही बाजारात गेलती. मला फोटो पुसता येईना. कुणाला इचारायचं? दुकानात गेलो तर तो फोटो बघितल्याबिगर पुसंल का? मनून मग वायरच काढली. माझ्या फोनातलं पण ते बंद करून टाकलं, दिसूच न्हाई मनून."

मी चादर परत टीव्हीवर ओढली.

"मला तसं काय दिसलं न्हाई म्हणा," दादा म्हणाले. "चष्मा न्हवता."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी त्यांना तीस-एक वर्षं ओळखते, अंघोळीशिवाय तो उतरलेला मला आठवत नाही. मी म्हटलं, "हो ना."

"त्या पोरीला कळू देऊ नका."

"नाही."

बाई चहा घेऊन आल्या. "काय झालंय मग त्याला?" त्यांनी टीव्हीकडं हनुवटी केली.

"वायर," मी म्हटलं.

चहा संपवून दादांनी चप्पल घातली. "चला, दुकानात जाऊ. तुमचं ते वाटणीचं करून टाकू."

रविवार म्हणजे दुकानात गर्दी. दुकानदारानं मला खुर्ची दिली आणि दादांना विचारलं, "काय काम काढलं?"

"ईमेल वेगळे करायचे. तिघांचे तीन."

दुकानदाराचे हात थांबले. फोनला काच बसवायला आलेले दोघं-तिघं वळून बघायला लागले.

"वेगळे? कामून ओ दादा? भांडण झालं का काय?"

दादांनी आयुष्यभर गावात सांगितलं होतं की आमच्या भावाभावात कधी वाकडा शब्द गेला नाही. पंचायतीत दुसऱ्यांच्या वाटण्या मिटवायला त्यांना बोलावतात. त्यांनी दुकानदाराकडं बघितलं आणि म्हणाले, "हाव. झालं."

"आरं देवा. कशावरून?"

"हाय आमचं घरचं. तू कर."

दुकानदारानं पासवर्ड आठवण्यासाठी डोळे मिटले नाहीत की कुठं बघितलं नाही. सरळ टाकला. मी विचारलं, "पाठ आहे?"

"सगळ्या गिऱ्हाइकांना एकच टाकतो मी. गावाचं नाव आन् एक-दोन-तीन. लोक इसरतात ओ. मग मलाच इचाराय येतात."

"म्हणजे सगळ्या मुरुडची किल्ली तुमच्याकडं."

"इश्वासाचं काम हाय, ताई," तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

मी दादांना म्हटलं, नवा पासवर्ड तुम्ही स्वतः टाका, मलाही दाखवू नका. त्यांनी फोन छातीशी धरून, पत्ते धरतात तसा, एकेक अक्षर दाबलं. दोनदा चुकले. गर्दीतला एक जण म्हणाला, "दादा, मोठ्यानं बोलत टाका, मी सांगतो चुकलं का ते." लोक हसले. दादांनी मान वर केली नाही. बाकी सगळे फोन जुन्या खात्यातून बाहेर काढले, घरच्या कार्यक्रमांसाठी एक सामाईक अल्बम ठेवला. त्यात जो आपल्या हातानं टाकेल तेवढंच दिसेल. टीव्हीलाही तेवढंच जोडायचं. संध्याकाळी बाईंची मालिका सुरू झाली आणि त्यांनी मला दहा वेळा दुवा दिला.

मी लातूरला पोचायच्या आत यजमानांचा नांदेडहून फोन. "दादांशी तू भांडलीस का? मला मुरुडहून तिघांचे फोन आले."

"आपलं भांडण झालंय," मी म्हटलं. "आल्यावर सांगते. कुणी विचारलं तर हो म्हणा."

पुढं बरेच दिवस मुरुडात हाच विषय होता. कुणी म्हणे बांधावरून झालं, कुणी म्हणे माझ्या नोकरीचा तोरा. दादांना एका घरच्या वाटणीत पंच म्हणून बोलावणार होते, ते बोलावलं नाही. बाई आमच्यावर खऱ्याच रुसल्या.

मेसच्या दारात धाकटी उभी होती. ती नुसती बघत राहिली.

"टीव्ही बंद होता," मी म्हटलं. "आमुशाच्या आधीपासून. बिघडलाय म्हणत होते."

"कुणी मनलं?"

"बाई."

तिनं माझ्याकडं आणखी थोडा वेळ बघितलं. मग माझी पिशवी घेतली आणि ताट वाढायला आत गेली. तिला तिच्या नावाचा ईमेल मी त्याच दिवशी उघडून दिला. पासवर्ड टाकताना मी भिंतीकडं तोंड केलं.

औषध चालू होतं, तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डाग बोटांवर आला. बोटांवरचं पदराखाली जात नाही. तिनं मला फोन करून सांगितलं की ती आता मुलांना स्वतःच सांगणार आहे. मी म्हटलं, मी येते. काही मुलांनी मग मेस बदलली, हे आधीच सांगून टाकते. बाकीची राहिली, आणि मेस चालू आहे.

मी गेले त्या दिवशी दादा बाजार समितीत माल घेऊन आले होते. लातूरला आले की ते दुपारी तिथंच जेवतात. मुलं अजून यायची होती. पंगतीत दादा आणि मी दोघंच. वाढायला नेहमी दीर येत, ती स्वयंपाकघरातून ताट सरकवायची. त्या दिवशी ती स्वतः बाहेर आली. पदर डोक्यावर होता. हातात भाकरीची टोपली, बोटं आम्हा दोघांना दिसतील अशी. ती दादांसमोर उभी राहिली.

"दादा, मला कोड हाय," ती म्हणाली. "आज पोरांना सांगणार हाय. त्याच्या आदी तुमच्या कानावर घालते."

दादांचा हात ताटावर थांबला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला आणि पहिल्यांदा तिच्या हाताकडं बघितलं.

"हाव का?" ते म्हणाले. "कधीपासून?"

तिनं सांगितलं. पाठीवर कसा आला, लिंबाएवढा होता, मग कसा वाढला, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. दादा मधून मधून विचारत होते. मग? बरं. खाज येते का? सगळं पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसासारखं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिले, वर बघितलं नाही.

"दवाखाना सोडू नका," ते शेवटी म्हणाले. मग ताट थोडं पुढं सरकवलं. "वाढा. भाकरी गरम हाय तवर."